मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा

चि. बाळास,



वर्षभरात बायबल पुरं करायचा तुझा नेम उत्पत्तीतून धावत सुटला, निर्गमात तांबडा समुद्र पार करून गेला आणि लेवीयाच्या पहिल्याच अध्यायांत बसला, यात मला नवल वाटलं नाही. दर जानेवारीला आपल्या मंडळीतली निम्मी तरुण मुलं असा नेम धरतात आणि फेब्रुवारीत याच पुस्तकापाशी गळतात. तू निदान विचारलंस तरी. रक्त, चरबी, गुरदे, पुन्हा रक्त. येशूनं एकदाच सगळं करून टाकलं, तर हे आपण वाचायचं कशाला? पाळकसाहेबांना विचारलंस तर ते इब्री लोकांस पत्र काढून देतील, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र तुला तिथे जरा उशिरा नेणार आहे. घाईघाईनं क्रुसापाशी पोचणाऱ्याच्या नजरेतून वाटेतलं बरंच काही सुटतं, असं माझं मत आहे.

आधी तुझ्या ऑफिसातल्या मित्राचं बघू. डबा खाताना तो म्हणाला, तुमच्याही देवाला बोकड लागायचाच की. आणि तू गप्प बसलास. गप्प बसायचं काही कारण नव्हतं. इस्राएलाच्या वेदीवर बोकड चढायचे, मेंढे, बैल चढायचे, होले आणि पारव्यांची पिलंही चढायची. ते लपवायचं कशाला? आणि कोणाच्या जत्रेकडे पाहून नाक मुरडायचा हक्कही आपल्याला नाही. फक्त एवढं विचारायचं, की हे सगळं कोणाच्या भुकेसाठी होतं.

इस्राएलाच्या शेजारच्या देशांत याचं उत्तर सरळ होतं: देवांच्या. दक्षिण मेसोपोटेमियातल्या उरुक शहरी मातीच्या पाटीवर लिहिलेली एक यादी सापडली आहे. अनू आणि इतर देवतांना रोज सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा जेवण वाढायचं, त्यात भाकऱ्या किती, मेंढरं किती, दारूची भांडी किती, सगळा हिशेब. गिल्गामेशच्या महाकाव्यात तर जलप्रलयानंतर पहिला यज्ञ होतो तेव्हा इतके दिवस उपाशी राहिलेले देव वासावर माशांसारखे गोळा होतात. आता पन्नासावं स्तोत्र उघड. तिथे परमेश्वर जवळजवळ थट्टेनं बोलतो: रानातलं प्रत्येक जनावर माझंच आहे, मला भूक लागली तरी मी तुम्हांला कशाला सांगीन? विधी पुष्कळसे शेजाऱ्यांसारखेच, वेदीही तशीच. वेदीला चार कोपऱ्यांवर चार शिंगं असत. बैर-शेब्याच्या उत्खननात अशी एक वेदी 1973 साली मिळाली. कोणीतरी ती मोडून तिचे दगड कोठाराच्या भिंतीत बसवले होते. पण देवाचं पोट भरायचं आहे ही कल्पना मात्र तिथून काढून टाकलेली होती.

मग खायचं कोण? पुष्कळदा माणसंच. हे आपल्या उपदेशांत येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. होमार्पण सगळंच्या सगळं जळायचं, त्याचं फक्त कातडं याजकाला मिळायचं. अन्नार्पणातलं मूठभर पीठ तेल-धुपासकट वेदीवर, बाकीचं याजकांना. शांत्यर्पणात मात्र चरबी परमेश्वराची, छाती आणि उजवी मांडी याजकाची, आणि उरलेलं सारं मांस आणणाऱ्याच्या घरी. त्यालाही अट होती. उपकारस्तुतीचं अर्पण असेल तर मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल. तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळून टाकायचं. एका कुटुंबानं एका दिवसात अख्खं जनावर कसं संपवायचं? संपतच नाही. म्हणजे भाऊबंद बोलवा, शेजारी बोलवा, दाराशी आलेल्याला बसवा. आपल्याकडे नवसाचा बोकड पडला की भावकी पंगतीला बसते, कोणी फ्रीजमध्ये भरून ठेवत नाही. तुझ्या मित्राला हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल. शिलो इथे एलकाना यज्ञ करून पनिन्नेला, तिच्या लेकरांना आणि हन्नेला वाटे देतो, ती गोष्ट याच पंगतीतली आहे. हन्ना रडली आणि जेवली नाही, ती या जेवणावरून उठली.

अलिबागच्या बाजूला आपले बेने इस्राएल लोक अजून मलिदा करतात, ठाऊक आहे ना? भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू हन्नबीचं नाव घ्यायचं, आशीर्वाद म्हणायचे आणि जमलेल्या सगळ्यांनी खायचं. नवस फिटला, लग्न ठरलं, नव्या घरात गेले की मलिदा. त्यांच्यातले जाणते लोक त्याचा संबंध मंदिरातल्या अर्पणांशी जोडतात. मंदिर पडून जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, पण उपकार मानायचे तर एकट्यानं मानायचे नाहीत, हे कोकणातल्या त्या ताटात टिकून राहिलं. आपल्या उपासनेत उपकारस्तुती म्हणजे पाळकांनी वाचायची चिठ्ठी आणि पाकिटात शंभराची नोट, एवढंच राहिलं आहे.

आता ऐपतीचं. ज्याला गुरं आहेत त्यानं बैल आणावा, त्याहून कमी असेल तर मेंढा किंवा बकरा, तेही नसेल तर पाखरं. पापार्पणात तर याहूनही खाली उतरायची सोय होती: पाखरंही परवडत नसतील तर दोनएक लिटर मापाचं सपीट आणावं, तेल नको, धूप नको. नुसतं पीठ, आणि क्षमा तीच. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात रक्ताशिवाय क्षमा नाही असं आहे, ते आपण पाठ केलेलं असतं. पण त्याच ओवीत नियमशास्त्राप्रमाणे जवळजवळ सगळं रक्तानं शुद्ध होतं, असंही आहे, ते ‘जवळजवळ’ आपण गाळतो. पत्र लिहिणाऱ्याला लेवीय चांगलं ठाऊक होतं. देवाजवळ यायला पैसा कमी पडला म्हणून कोणी दाराबाहेर राहू नये, ही काळजी या पुस्तकात जागोजागी आहे. लूक सांगतो की बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी दोन पाखरांचं अर्पण केलं. लेवीयाचा बारावा अध्याय वाचलेल्याला लगेच कळतं की या घरात कोकरू घ्यायला पैसे नव्हते. न वाचलेला नाताळच्या कार्डावरची कबुतरं पाहतो.

रक्ताबद्दल तुला जे शिसारी आल्यासारखं झालं ते ठीकच आहे. व्हायलाच हवं. आपण काळ्या पिशवीतून मटण आणणारी माणसं. तिथे आणणाऱ्यानं जनावराच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवायचा आणि त्याला स्वतः मारायचं. याजकाचं काम रक्त आणि वेदी यांच्यापासून सुरू व्हायचं. रक्तात जीव आहे म्हणून ते प्यायचं नाही, ते परमेश्वराचं. आपल्यामुळे एक जीव गेला हे त्या माणसाच्या हातालाच कळत असणार.

पापार्पणाच्या चौथ्या अध्यायात एक गोष्ट मी कित्येक वर्षं वाचूनही पाहिली नव्हती, ती जेकब मिलग्रोम यांनी दाखवली. हे यहुदी पंडित, रब्बीही होते. लेवीयावर त्यांचं तीन जाडजूड खंडांचं भाष्य आहे. ते म्हणतात, रक्त कुठे लावलं जातं ते पाहा. पाप करणाऱ्या माणसाला ते कधीच लावत नाहीत. वेदीच्या शिंगांना लावतात, पडद्यासमोर शिंपडतात. म्हणजे माणसाच्या पापानं मळतं ते देवाचं घर, आणि धुवायचं तेच. आणि कोणाच्या पापाचा डाग किती आत जातो? साध्या माणसाच्या किंवा सरदाराच्या चुकीचा अंगणातल्या वेदीपर्यंत. प्रमुख याजकाच्या किंवा सगळ्या मंडळीच्या चुकीचा आत, पडद्यापर्यंत. जाणूनबुजून केलेल्या अपराधांचा अगदी परमपवित्रस्थानात, म्हणून वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रमुख याजक तिथे जाई. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांचे अपराध कबूल करायचे आणि त्याला रानात सोडून द्यायचं. मिलग्रोम यांचं सगळंच सर्वांना पटलेलं नाही, पण एवढं तर चौथा अध्याय वाचणाऱ्या कोणालाही दिसेल: ज्याची जागा जितकी वरची, त्याचं पाप तितकं आतवर जातं. आपल्या मंडळीच्या पंचांनी हा अध्याय दरवर्षी निवडणुकीआधी वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. याजक एलीचे मुलगे आठवतात ना, चरबी जळायच्या आधीच तीन काट्यांचा आकडा घालून मांस ओढून घेणारे? तसे आकडे अजून आहेत, आता फक्त कमिटीच्या ठरावांतून चालतात.

आणि या सगळ्या व्यवस्थेला हद्द होती. पापार्पण नकळत झालेल्या चुकांसाठी. उद्दामपणे, देवाला आव्हान देऊन केलेल्या पापाला गणनेच्या पंधराव्या अध्यायात अर्पणच सांगितलेलं नाही. दावीदानं बथशेबेला नेलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला मारवलं. आता कुठला बैल आणणार? एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो हेच म्हणतो, की तुला यज्ञ आवडत असता तर दिला असता; त्याच्याजवळ फक्त मोडलेलं मन होतं. आमोस, यशया, मीखा, यिर्मया हे सगळे संदेष्टे यज्ञांवर एवढे का तडकले तेही यातून कळतं. त्यांना वेदी नको होती असं नाही. विधवेची जमीन खाऊन, मजुराची मजुरी बुडवून वेदीवर पुष्ट जनावर चढवणाऱ्यांची त्यांना चीड आली होती.

आता इब्री लोकांस पत्राकडे. ख्रिस्तानं स्वतःला एकदाच अर्पिलं, आणि ते पुरलं. वर्षानुवर्षं तेच अर्पण करावं लागतं याचाच अर्थ ते अपुरं होतं, असा त्या पत्राचा युक्तिवाद आहे. मी हे मनापासून मानतो. वसईचे आपले कॅथलिक सोयरे मिस्साला बलिदान म्हणतात, तेही दुसरं बलिदान मानत नाहीत. तेच एक बलिदान तिथे समोर येतं असं त्यांचं शिक्षण आहे. या वादात मी तुला पाडणार नाही. पण एक गंमत सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात पौल यरुशलेमेत येतो, इ.स. 57 च्या सुमारास, म्हणजे क्रुसानंतर पंचवीसएक वर्षांनी. चार माणसांनी नवस केलेला असतो. पौल त्यांच्याबरोबर शुद्ध होऊन मंदिरात जातो आणि त्यांच्या अर्पणांचा खर्च स्वतः करतो. ख्रिस्ताच्या मरणानं सगळं पूर्ण झालं हे पौलापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तरी त्याला मंदिराची घृणा नव्हती. म्हणून लेवीय म्हणजे रानटी लोकांचा जुना कायदा, बरं झालं संपला, असं कोणी म्हणालं की मला ते ख्रिस्ती बोलणं वाटत नाही.

इ.स. 70 मध्ये रोमी सेनापती तीतानं यरुशलेम जिंकलं, मंदिर जळालं आणि यज्ञ थांबले. यहुदी लोकांमध्ये एक आठवण सांगतात: एक रब्बी त्या अवशेषांकडे पाहून रडू लागला, की आपल्या पापांचं प्रायश्चित्त जिथे व्हायचं ती जागाच गेली. त्याचा गुरू योहानान बेन झक्काय यानं त्याला होशेयाचं वचन सांगितलं, देवाला यज्ञापेक्षा दया हवी. दयेची कृत्यं उरली आहेत, ती तेवढ्याच मोलाची आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू तेच वचन दोनदा सांगतो. एकाच वचनाशी दोघं आले. नंतर वाटा वेगळ्या झाल्या, पण यज्ञ गेले म्हणून यहुदी रिकाम्या हातांनी राहिले, असं समजू नकोस.

आपल्याला काय उरलं? रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय स्वतःची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या म्हणतो. इब्रीच्या तेराव्यात स्तुती, परोपकार आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं हे यज्ञ आहेत. फिलिप्पैकरांनी तुरुंगातल्या पौलाला खर्चासाठी जे पाठवलं, त्याला तो वेदीवरचा सुवास म्हणतो. यात कुठेही नफ्याची भाषा नाही. टीव्हीवर जे उपदेशक पेरणीचं दान मागतात, हजार द्या आणि देव दहा हजार देईल म्हणतात, ते लेवीयाच्या नव्हे, उरुकच्या पाटीच्या जवळचे आहेत. देवाला खाऊ घाला म्हणजे तो तुमचं काम करील. असल्या ठिकाणी एक पैसा टाकू नकोस.

सगळ्यांत जास्त मला बोलायचं आहे ते दोषार्पणाबद्दल, आणि तू अजून तिथवर पोचलेला नाहीस. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या सात ओव्या. कोणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, जुलमानं घेतलं, सापडलेली वस्तू नाकारली, वर खोटी शपथ घेतली. त्यानं काय करायचं? मेंढा आणायचाच. पण ज्या दिवशी मेंढा आणायचा त्याच दिवशी मूळ रक्कम पुरती परत द्यायची, आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. ज्याचं आहे त्याच्या हातात, मंदिराच्या पेटीत नव्हे. गणनेच्या पाचव्या अध्यायात तर म्हटलं आहे, तो माणूस मेला असेल आणि घ्यायला त्याचा कोणी जवळचा नसेल, तर ते याजकाला द्या. पण तुमच्याजवळ ठेवू नका. यात पाप शेजाऱ्याविरुद्ध आहे, तरी मजकूर सुरू होतो तो परमेश्वराविरुद्ध पाप झालं म्हणून.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक आपला जीव देतो तो दोषार्पण म्हणून. आपण ते येशूविषयी वाचतो, शुभ शुक्रवारी डोळे भरून वाचतो. मेंढा मिळाला. आणि मग पाचव्या हिश्शासकट मूळ रक्कम आपण अलगद विसरून जातो, जणू येशू तीही भरून गेला. तो तसं म्हणालेला नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. हे तो गालिलातल्या माणसांना सांगत होता. वेदी एकच, यरुशलेमेत. गालिलाहून तीन-चार दिवसांची पायवाट. म्हणजे जनावर तिथे सोडायचं, चार दिवस चालत घरी यायचं, भावाशी बोलायचं आणि पुन्हा चार दिवस चालायचं. ऐकणारे हसले असतील, मग गप्प झाले असतील. जकातदार जक्कयानं येशूला घरात घेतल्यावर आपणहून चौपट परत द्यायचं कबूल केलं, आणि येशू त्याला, अरे कृपा झाली आता राहू दे, असं म्हणाला नाही. आज या घराला तारण मिळालं, असं म्हणाला. आपल्या मंडळीत बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ प्रभुभोजनाला एकाच बाकावर बसलेले मी पाहिले आहेत. एकाच प्याल्यातून घेतात आणि तारखेला वेगवेगळ्या रिक्षांनी जातात.

आता रागावू नकोस. आजीनं मला फ्लॅटच्या डिपॉझिटचं सांगितलं. तुझा रूममेट मध्येच नोकरी सुटून गावी गेला, नंतर मालकानं सगळं डिपॉझिट तुझ्या हातात दिलं, आणि तू त्याला अजून मिळालं नाही असं कळवलंस. तू प्रार्थना केलीस, क्षमा मागितलीस, मन हलकं झालं, असंही तू आजीला म्हणालास. ती क्षमा खरी आहे. मी त्यावर शंका घेत नाही. लेवीयात अडकलास ते बरंच झालं, कारण ज्या ठेवीचं तिथे लिहिलं आहे ती नेमकी असलीच ठेव. त्याचा वाटा पंधरा हजारांचा होता ना? पंधरा मूळ, वर तीन. अठरा हजार होतात. त्याला फोन कर, खरं काय ते सांग, आणि पैसे शनिवारच्या आत पाठव. पगाराच्या आधी अडचण असेल तर तसं कळव, मी पाठवतो. पण ते उसने, आणि तू ते मला परत करायचे. रविवारी प्रभुभोजन आहे.

तुझे,
आजोबा